दाखल नोंदवही घेऊन ये

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "ताई, ग्रंथालय संघाची वर्गणी भरून आपल्याला मिळतं काय?" मी म्हटलं, उद्या सांगते. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका दमात सांगण्यासारखं नव्हतं, आणि दिवसभराच्या कामाने तू दमलेली होतीस हे आवाजावरून कळत होतं. आज पावसामुळे दुपारपासून एकही वाचक फिरकला नाही. देवघेवीचं टेबल मोकळं आहे. तेव्हा सगळं लिहूनच काढते.

तुझं वाचनालय मी पाहिलंय. गेल्या आषाढात आले होते तेव्हा तू शटर अर्धं वर करून बसली होतीस आणि पागोळ्यांचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याशी गोणपाट टाकलं होतंस. तीन कपाटं, एक टेबल, दोन वर्तमानपत्रं, आणि चारच्या ठोक्याला छत्री झटकत येणारे ते निवृत्त गुरुजी. तू त्यांच्यासाठी चष्मा पुसायचं फडकं टेबलाच्या खणात ठेवलेलं मी पाहिलं, तेव्हाच मनात आलं, ही पोरगी या कामात टिकणार. पण परतताना एसटीत बसल्यावर मला तुझी काळजीही वाटली. कारण त्या खोलीत तू एकटी आहेस. गावातल्या शिक्षिकेला दुसरी शिक्षिका भेटते. अंगणवाडीच्या ताईंची महिन्याची बैठक असते. आशाताईंचा तालुक्याला गट असतो. ग्रंथपाल मात्र गावात एकच. बाया तुला म्हणतात, "बरंय गो तुझं, बसून पगार." पुस्तकाला दाखल क्रमांक का द्यायचा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे का ओढायचं, परत आलेलं पुस्तक पानं उलगडून का बघायचं, हे त्यांना कुठून कळणार? घरी सांगितलं तर घरचे हं हं म्हणतात. त्यांचाही दोष नाही.

हा एकटेपणा काही तुझ्या स्वभावातला नाही गं, तो या कामातच आहे. रंगनाथनांचं उदाहरण सांगते. आपण ग्रंथपाल दिनी, १२ ऑगस्टला, ज्यांच्या फोटोला हार घालतो तेच. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांना तिथली शांतता सोसवेना. वर्गभर मुलांना शिकवणारा माणूस, आणि इथे बोलायला कोणी नाही. ते सरळ आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले, मला परत शिकवायला घ्या म्हणून. प्राचार्यांनी समजूत काढली की आधी शिक्षणासाठी लंडनला जाऊन या, परतल्यावरही हेच वाटलं तर बघू. तिथे त्यांनी कितीतरी ग्रंथालयं हिंडून पाहिली, ग्रंथपालांशी बोलले, त्यांचं काम पाहिलं, आणि आले ते आयुष्यभरासाठी ग्रंथपाल होऊन. परत आल्यावर काही वर्षांतच, १९२८ मध्ये, मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला आणि त्याचं चिटणीसपद त्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे ते पाच सिद्धांत, जे तू परीक्षेसाठी पाठ केलेस, ते १९३१ च्या पुस्तकातले. म्हणजे आधी संघ झाला आणि पुस्तक नंतर आलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आता माझी गोष्ट. ही मी फारशी कोणाला सांगत नाही.

मला नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कपाटं रिकामी करून पुस्तकं नोंदवहीशी पडताळली, तर त्रेसष्ट पुस्तकं नाहीत. काही वाचकांकडे राहिलेली, काहींना माझ्या आधीच वाळवी लागून कोणीतरी टाकून दिलेली, काहींचा पत्ताच नाही. माझं तर काळीजच उडालं. वाटलं, आता हे सगळं माझ्या पगारातून कापणार. कार्यवाहांना सांगायची छाती झाली नाही. आणि मी काय केलं ठाऊक आहे? त्या महिन्यात नवीन खरेदीची पुस्तकं आली होती, त्यांना मी त्या हरवलेल्या पुस्तकांचे क्रमांक देऊन टाकले. जुनी नावं खोडली, वर नवी लिहिली. वही भरलेली दिसली, मला रात्री झोप लागली.

तपासणीला साहेब आले. त्यांनी वहीचं ते पान उघडलं, बोट ठेवलं, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. खाडाखोड, एका क्रमांकावर दोन पुस्तकं, खरेदीच्या पावतीशी तारखांचा मेळ नाही. दप्तर सदोष असा शेरा पडला. त्या वर्षी आमच्या अनुदानाला कात्री लागली, आणि कार्यकारी मंडळाच्या सभेत मला उभं करून विचारलं गेलं. पुस्तकं चोरलीत का, असंही एकाने विचारलं. मी घरी येऊन चुलीपुढे बसून रडले. नोकरी सोडायचं ठरवूनच टाकलं होतं.

त्याच महिन्यात जिल्हा संघाचं अधिवेशन होतं. कार्यवाहांना ताप आला म्हणून ते म्हणाले, तू जाऊन ये, निदान आपली हजेरी लागेल. मी गेले ती मान खाली घालून. मंगल कार्यालय, बाहेर ग्रंथदिंडीची पालखी, व्यासपीठावर सगळे पुरुष, आणि शेवटच्या दोन रांगांत आम्ही बायका. भाषणं काय झाली ती मला आठवत नाहीत. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक बाई बसल्या होत्या, वयाने माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या, खाडीपलीकडच्या एका गावच्या ग्रंथपाल. त्यांनी विचारलं, "नवीन का? जेवत का नाहीस?" आणि मी अनोळखी बाईपुढे सगळं ओकून टाकलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हात धुतले, पिशवीतून स्वतःची दाखल नोंदवही काढली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. शेरा. म्हणाल्या, "हा रकाना कशासाठी असतो सांग बघू? क्रमांक त्या पुस्तकाचा. पुस्तक गेलं तरी क्रमांक त्याचाच राहतो, दुसऱ्याला द्यायचा नाही. गेलेल्या पुस्तकांची यादी करायची, कारण लिहायचं, मंडळासमोर ठेवायची, निर्लेखनाचा ठराव घ्यायचा, आणि इथे ठराव क्रमांक आणि तारीख टाकायची. लपवायचं काहीच नाही. पुस्तकं जातातच. शंभर वाचकांच्या हातांतून फिरणारी वस्तू आहे ती." त्यांच्या वहीत लाल शाईने, एका ओळीत, अक्षर न चुकता अशा कितीतरी नोंदी होत्या. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या पुस्तकाचीसुद्धा ओळ होती, नाव अजून वाचता येत होतं.

मला त्या क्षणी काय झालं ते सांगता येणार नाही. एवढी साधी गोष्ट. तीच मला कोणी न सांगितल्यामुळे मी चोर ठरायच्या बेतात होते. मग त्यांनीच सांगितलं की शिक्का नुसता पहिल्या पानावर मारू नकोस, गुप्त पानावरही मार. प्रत्येक पुस्तकात एकच ठरलेलं पान, त्याचा आकडा तुझ्यापाशी ठेव. पुढे कोणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणालं तरी आपल्याला ओळखता येतं.

दुपारच्या सत्रात आम्ही दोघी मागच्या व्हरांड्यात होतो. तिथे त्यांनी मला खळ करायला शिकवली. कार्यालयाच्या आचाऱ्याकडून मूठभर मैदा मागून घेतला, थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवला, मंद आचेवर ढवळत ढवळत तो काचेसारखा चकचकीत होईतो शिजवला, आणि उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद. त्याने खळीला कीड लागत नाही. पण ते विष आहे बरं, भांडं वेगळं ठेव, घरातलं घेऊ नकोस, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. मग पाठ सुटलेलं एक पुस्तक घेऊन कण्यावर मांजरपाटाची पट्टी बसवली. पट्टी दोन्हीकडे पुठ्ठ्यावर दीड बोट यायला हवी, कमी घेतली की आठ दिवसांत उसवते. वर कागद, त्यावर वजन, आणि वाळवायचं ते सावलीत. उन्हात ठेवलं की पुठ्ठा वाकडा होतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात भिजलेलं पुस्तक लोक चुलीजवळ ठेवतात, तसं करू नकोस. पानांमध्ये टीपकागद घाल, उभं करून पंख्याखाली ठेव, कागद बदलत राहा.

वर्गणी भरून मला मिळालं ते हे. त्या बाई आता नाहीत. पण अठ्ठावीस वर्षं झाली, शेरा रकान्यात लाल शाईने लिहिताना मला त्यांचं बोट दिसतं.

आता तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येते, कारण तू पैशाचंही विचारलं होतंस, आणि ते विचारायलाच हवं.

तुझं वाचनालय ड वर्गात, म्हणजे अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गात आहे. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं अनुदान ३०,००० वरून ४८,००० वर गेलं. त्यातला निम्मा भाग पगाराचा. २४,००० भागिले बारा. त्या वेळच्या हिशोबाने महिन्याला दोन हजार रुपये. तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत, हप्त्याने, आणि दुसरा हप्ता बहुतेक मार्चअखेरीच्या धांदलीत. हा आकडा मी तुला मुद्दाम मांडून दाखवते, कारण तुला वाटतं तुझ्या मंडळाने तुला कमी देऊन फसवलंय. त्यांच्यापाशी तरी कुठे आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि ती वाढही आपोआप आली नाही. त्याआधीची वाढ २०१२ ची होती. मधली दहा वर्षं निवेदनं, मोर्चे, धरणी, अधिवेशनातले ठराव चालूच होते. त्याच २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि नंतर बरीच वर्षं नवी मान्यता, दर्जावाढ सगळं थांबलं. तुझ्या आधीच्या बाईने ड मधून क मध्ये जायची किती तयारी केली होती, तुझ्या कपाटातल्या फायली बघ, कळेल.

असं का होतं, ते मला संघातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी समजावलं. आपला कायदा १९६७ चा, अंमलात आला १ मे १९६८ ला. या कायद्यात ग्रंथालय कर नाही. मद्रासचा कायदा १९४८ चा, त्यात तो होता. घरपट्टीबरोबर थोडा पैसा ग्रंथालयासाठी म्हणून वेगळा निघतो. आपल्याकडे तसा हक्काचा झरा नाही, म्हणून दर अर्थसंकल्पात आपण नव्याने हात पसरायचा. आणि आपण सरकारी नोकरही नाही, संस्थेचे नोकर. संस्था गावची, पैसा सरकारचा, काम आपलं. या तिघांत आपल्यासाठी बोलणारं कोणीतरी हवं ना? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि हजारो गावांत विखुरलेल्या एकेकट्या ग्रंथपालाचं रडणं मंत्रालयापर्यंत कसं पोहोचणार?

वेळ लागतो, हे मात्र तुला खोटं सांगणार नाही. मुंबई सरकारने ग्रंथालयांसाठी फैजी समिती नेमली १९३९ मध्ये. कायदा झाला अठ्ठावीस वर्षांनी. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता, तरीही. पत्की समिती, प्रभा राव समिती, या आपल्या प्रश्नांवर पुढे नेमलेल्या समित्यांची नावं तुला दर अधिवेशनात ऐकू येतील. वेतनश्रेणीचं घोडं अजून अडलेलंच आहे. यावर मला राग येतो, आजही येतो. तुलाही येऊ दे. पण राग घेऊन त्या खोलीत एकटी बसू नकोस.

केरळातल्या पी. एन. पणिक्करांची गोष्ट मला नेहमी धीर देते. साधे शाळामास्तर. १९४५ मध्ये त्यांनी त्रावणकोरमधली ४७ छोटी ग्रंथालयं एकत्र बांधली आणि ग्रंथालय संघ काढला. ४७ म्हणजे काय गं, आपल्या एका जिल्ह्यातसुद्धा त्याहून जास्त निघतील. त्यातून पुढे केरळभर गावोगाव ग्रंथशाळा झाल्या. तिथे आजही १९ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, वाचन दिवस पाळतात. आपल्याकडे तर १८२८ पासूनचं वाचनालय आहे, रत्नागिरीत. मुळं आपली खोल आहेत.

आता संघात काय चुकतं तेही सांगते, नाहीतर तू जाशील आणि पहिल्याच सभेत हिरमुसून येशील.

आपला ग्रंथालय संघ हा मुख्यतः ग्रंथालयांचा आहे, म्हणजे सभासद ती संस्था. तालुक्याचा, जिल्ह्याचा, विभागाचा, राज्याचा अशी उतरंड. त्यामुळे सभेला जातात अध्यक्ष, नाहीतर कार्यवाह. ग्रंथपाल टेबलावर. तुझ्या गावातून संघाच्या सभेला इतकी वर्षं कोण जात होतं, विचारून बघ. संस्थाचालकांचं आणि कर्मचाऱ्यांचं हित बऱ्याच अंतरापर्यंत एकच असतं. अनुदान वाढलं तर दोघांचं भलं. पण पगाराच्या टक्क्यावर, रजेवर, निवृत्तीवर आलं की वाटा फुटतात. म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटना वेगळ्या आहेत, त्यातही जा. दोन्हीकडे जा. एकीकडे गेलीस तर दुसरीकडचे नाक मुरडतील, मुरडू देत. माझं मत विचारशील तर, दप्तर आणि कामाचं शिकायला ग्रंथालय संघ, आणि पोटापाण्याचं बोलायला कर्मचारी संघटना.

तेव्हा पहिली गोष्ट: मंडळाकडून प्रतिनिधीचं पत्र तुझ्या नावाने घे. आर्जवाने माग, पण माग. "मी गेले तर तपासणीच्या वेळी दप्तराची जबाबदारी मला नीट घेता येईल" असं म्हण. हे खरंही आहे आणि त्यांना पटेलही.

दुसरं, खुर्च्यांचं राजकारण असतं. तीच माणसं वर्षानुवर्षं पदांवर असतात, सत्कारात अर्धा दिवस जातो, आणि ग्रंथपालांच्या अडचणींचं सत्र जेवणानंतर, सगळे पेंगत असताना. मी पहिली सहा वर्षं मागच्या रांगेत बसून हे बघितलं आणि घरी येऊन चरफडले. मग एकदा दोन मिनिटांचं लिहून नेलं. फक्त एकच मुद्दा: हप्ता उशिरा येतो तेव्हा ग्रंथपालाचा पगार निदान वर्गणीच्या शिल्लकीतून तरी दरमहा द्यावा. आवाज कापत होता. पण पुढच्या सभेत तीन गावांचे कार्यवाह येऊन म्हणाले, आम्ही सुरू केलं. म्हणून सांगते, दुसऱ्या रांगेत बस. नुसतं गाऱ्हाणं नेऊ नकोस, त्यासोबत एखादी चांगली गोष्टही ने. तू उन्हाळ्यात वाडीवाडीवर पुस्तकांची ट्रंक फिरवलीस ना मुलांसाठी, ती सांग. किती मुलं, किती पुस्तकं, किती परत आली. बाकीच्यांना ते हवं असतं. ज्याच्यापाशी देण्यासारखं काही आहे त्याचं गाऱ्हाणंही लोक ऐकतात, हे मी पाहिलंय.

आणि हो, प्रमाणपत्र परीक्षेचा वर्ग. ग्रंथालय संचालनालयाची परीक्षा, वर्ग जिल्हा संघ चालवतो. तू म्हणालीस पास झाले आहे, पण घाईघाईत, पाठांतरावर. तेव्हा वर्गीकरण तुझ्या हातात आलं नाही, हे तुझ्या कपाटांकडे बघूनच कळलं. तू अजून कादंबऱ्या, कविता, इतर असे ढीग लावलेत. लहान वाचनालयाला ते चालतं, त्यात लाज नाही. पण एकदा माझ्याकडे येऊन बस. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यापुढे एक लावला की कविता, दोन लावले की नाटक, तीन कथा-कादंबरी, चार निबंध. दोन दुपारी पुरतील. त्या गुरुजींना ललित निबंध आवडतात ना? ते येऊन थेट ८९१.४६४ च्या फळीपुढे उभे राहतील, तेव्हा तुला काय आनंद होईल ते बघ. आमच्या वर्गात आम्ही नऊजणी होतो. त्यातल्या सहा अजून काम करतात आणि त्या सहांना मी रात्री नऊ वाजताही फोन करू शकते. ई-ग्रंथालयाच्या संगणक नोंदी अडल्या की मी त्यांतल्या धाकटीला विचारते; बाइंडिंगचं अडलं की ती मला.

घरचं तू बोलली नाहीस, पण मला अंदाज आहे. रविवार म्हणजे नवऱ्याची सुट्टी, सासूबाईंचा एकच दिवस सगळे घरी असण्याचा, आणि तू वाचनालयाच्या कामाला जाणार! तेही एवढ्याशा पगाराच्या नोकरीसाठी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पगार पै आणि प्रवास रुपया." मी त्यांच्याशी कधी भांडले नाही. एकदा त्यांनाच घेऊन गेले. तालुक्याच्या सभेला, चहा-पोह्यांच्या वेळी. त्यांनी तिथे पाहिलं की वीस-पंचवीस माणसं माझं नाव घेऊन बोलतात, मला काही विचारतात, मी सांगते ते कागदावर लिहून घेतात. येताना एसटीत काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी सकाळी उठून त्यांनीच माझा डबा भरला होता. तुझ्याकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण लपवून जाऊ नकोस, आणि परवानगी मागितल्यासारखंही सांगू नकोस. काम आहे म्हणून सांग. काम आहेच ते.

काल तू अजून एक म्हणालीस, अगदी हळू. "ताई, वाचायला कोणी येतच नाही. मोबाइलवरच सगळं. मी कोणासाठी उघडून बसते?" त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. आमच्याकडेही वाचक कमी झालेत, मी रोज मोजते. पण हा प्रश्न प्रत्येकीने आपापल्या खोलीत स्वतःलाच विचारला तर तो फार भयंकर होतो, आणि चाळीस जणींनी एका व्हरांड्यात बसून विचारला तर त्यातून काहीतरी निघतं. आमच्यापैकी एकीने स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी रात्री नऊपर्यंत वाचनालय उघडं ठेवलं. दुसरी बचत गटाच्या दिवशी बायकांना एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते, अर्धीच, मग पुढचं वाचायला त्या पुस्तक मागून नेतात. मी हे दोन्ही तिथेच ऐकलं आणि दुसरं आमच्याकडे सुरू केलं. आता गुरुवारी चौदा-पंधरा बायका असतात. आज पाऊस नसता तर हे लिहितेय या वेळी मी त्यांच्यात बसले असते.

येत्या रविवारी तालुका संघाची सभा आहे, अकरा वाजता. तुझ्या फाट्यावर सकाळी सव्वासातची गाडी येते, मी तिच्यात आधीपासून असेन, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर तुझी जागा धरते. पत्र अजून मिळालं नसलं तरी ये, पत्राचं तिथे बघू. दाखल नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून घे, पाऊस आहे. तुझ्या त्या चोवीस न सापडणाऱ्या पुस्तकांची यादीही घे, ज्यांच्याबद्दल तू बोलता बोलता विषय बदललास. सभेआधी तासभर मिळेल, तेवढ्यात ठरावाचा मसुदा लिहून होईल. लाल पेन माझ्याकडे आहे. डबा मी दोघींचा आणते.